तीन नंबरची अडकलेली पुंगळी

केवळरामजी रामटेके यांच्याशी वाद घालू नये, हे मुर्रीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं, कारण मी गणिताचा मास्तर. आपलं उत्तर बरोबर आलं की समोरचा मुकाट ऐकतो, असा गणिताच्या मास्तराचा भाबडा समज असतो. केवळरामजी कुणाचंच ऐकत नसत. चोवीस वर्षं ते फौजेत आर्मरर होते, म्हणजे पलटणीच्या बंदुकांचे डॉक्टर. जवानापासून कर्नलापर्यंत सगळे आपापली हत्यारं घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिलेले. त्या सवयीनं त्यांचा असा ग्रह झाला होता की जगातला प्रत्येक माणूस काहीतरी बिघडवूनच आपल्याकडे येतो.

गोंदियात मुर्रीच्या रस्त्यावर चुन्नीलालजींची राईस मिल आहे. मिलच्या मागच्या मोकळ्या जागेत मातीचा उंच बांध घालून आम्ही रायफल क्लब काढला होता. चुन्नीलालजी अध्यक्ष, कारण जागा त्यांची. मी, लोकेंद्र बिसेन, सचिव, कारण अर्जफाटे लिहायला कुणीतरी लागतंच. रायफली चार, सगळ्या पॉइंट टू-टूच्या, एकेक गोळी हातानं भरायच्या. आणि केवळरामजी आर्मरर. पगार नाही. दिवसाला दोन कप चहा आणि रायफलीला हात लावणाऱ्या कुणालाही चार शब्द सुनावण्याचा हक्क, एवढ्यावर त्यांनी ते काम पत्करलं होतं. दुसरा हक्क ते पहिल्यापेक्षा जास्त वापरत.

त्यांची एक रीत होती. काहीही बिघडलं की म्हणायचे, "पहिले साफ, मंग माप, मंग नवा पुर्जा." माझा रेडिओ बंद पडला, तेव्हा त्यांनी तो उघडून आतून झुरळाचं अख्खं कुटुंब बाहेर काढलं आणि रेडिओ वाजू लागला. चुन्नीलालजींच्या स्कूटरला मिस्त्री नवा कार्बोरेटर टाकायला निघाला होता. केवळरामजींनी जुनाच धुऊन बसवला आणि मिस्त्रीला असं झापलं की तो पुढे सहा महिने मुर्रीच्या रस्त्यानं गेला नाही.

सूनही त्यांनी याच नजरेनं पारखली. मुलगा अश्विन सालेकसा रेल्वे स्टेशनात नोकरीला. त्याच्यासाठी आमगावला पोरगी पाहायला गेले, तर कलाबाई, म्हणजे त्यांची बायको, विचारत होत्या भाजी कोणती येते, शिवण येतं का. केवळरामजींचं लक्ष भिंतीवरच्या फोटोकडे. पोरगी एनसीसीच्या वर्दीत, हातात रायफल.

"ग्रुपिंग कितीचं?" त्यांनी विचारलं.

पाच गोळ्या किती जवळजवळ बसतात, त्याला ग्रुपिंग म्हणतात. पाहुण्यांत हे कुणालाच कळलं नाही. पोरीला कळलं. खाली पाहूनच तिनं सांगितलं, "दोन इंच जी. पंचवीस यार्डांवरून."

"जमलं," केवळरामजी म्हणाले आणि उठले. कलाबाईंचं म्हणणं, तिला साधं वरणसुद्धा येत नव्हतं आणि या माणसानं ते विचारूही दिलं नाही.

तीच अल्का. लग्नानंतर दोन वर्षांनी सासऱ्यानंच तिला क्लबात आणलं. घरी शिवणकाम करायची, गिऱ्हाइकांची ब्लाऊजं वेळेवर द्यायची आणि संध्याकाळी मिलच्या मागे येऊन जाजमावर पालथी पडायची. तीन नंबरच्या रायफलीचा लाकडी दस्ता केवळरामजींनी तिच्या खांद्याच्या मापानं कापून दिला होता. साठ गोळ्यांत सहाशेपैकी पाचशे सत्तर गुण ती सहज घ्यायची. आमच्यात तिच्या जवळपास कुणी नव्हतं. मी तर कागदावर नेम धरला तर बांधाला लागायचा.

नागपूरला विभागाची स्पर्धा व्हायची. आमच्या क्लबातून एकच नाव जाई. पहिले सहा जण राज्याच्या शिबिराला जात. अल्काला जायचं होतं आणि तिनं ते कधी लपवलं नाही. एका वर्षी टायफॉइडनं आडवी पडली, पुढच्या वर्षी लेक पोटात होती. २००९ साली सगळं जुळून आलं होतं. नाव पाठवायची शेवटची तारीख सहा जून, शनिवार. स्पर्धा चौदाला.

मध्ये लोकसभेची निवडणूक आली. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. मार्चच्या शेवटी आमच्या चारही रायफली पेटीत घालून गेल्या. त्याआधी केवळरामजींनी त्यांना सासरी निघालेल्या लेकीसारखं न्हाऊमाखू घातलं. त्यातही तीन नंबरवर अख्खी दुपार घालवली. दस्ता चोळून चोळून त्यात तोंड दिसेल असा केला. मी जवळ गेलो, तर म्हणाले, "मास्तर, सावली पाडू नका."

मेच्या तिसऱ्या आठवड्यात रायफली परत आल्या. ऊन म्हणजे नुसती भट्टी. पहिल्याच संध्याकाळी अल्कानं तीन नंबर घेतली, चार गोळ्या झाडल्या, आणि पाचवीला गाडी अडली.

रायफलीत काय होतं ते सांगतो, मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल. गोळी सुटली की तिची रिकामी पितळी पुंगळी आतच उरते, नळीच्या मागच्या घरात, ज्याला चेंबर म्हणतात. मग बोल्टाची, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याची, मूठ उचलून तो मागे ओढायचा. बोल्टाच्या तोंडाशी एक बारीक पोलादी आकडा असतो. केवळरामजी त्याला नख म्हणत. ते नख पुंगळीची कड धरतं आणि तिला बाहेर खेचून आणतं. इथं बोल्ट मागे आला, नख आलं, आणि पुंगळी आतच बसून राहिली. नख कडेवरून सटकलं होतं. शेवटी बोल्ट काढून पुढून नळीत गज घातला आणि हळूच ढकलून ती बाहेर काढावी लागली. पुढे तीन गोळ्या नीट, चौथी पुन्हा अडली. जितकी रायफल तापे तितकी जास्त अडे.

चुन्नीलालजींनी लगेच निदान केलं, "माल खराब है. गोळ्यांचा लॉट बदला." गोळ्यांच्या त्याच डब्यातल्या गोळ्या बाकीच्या तीन रायफली मजेत खात होत्या, त्यामुळे ते निदान तिथंच मेलं.

केवळरामजींनी बोल्ट उघडला. भिंगातून नख पाहिलं, म्हणाले, "धार गेली." बारीक दगडावर नखाला धार दिली. दोन दिवस बरं चाललं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग म्हणाले, नखामागची स्प्रिंग थकली. नागपूरहून स्प्रिंग आणवली. पहिल्या दहा पुंगळ्या खणखणीत बाहेर. अकरावी अडली. मग नखच नवं बसवलं. त्या दिवशी पंधरा आल्या.

आता त्यांचा पारा चढला. स्वतः जाजमावर पडून त्यांनी सलग वीस गोळ्या झाडल्या. एकही पुंगळी अडली नाही. उठून अंग झटकलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "रायफल टकाटक आहे. पोरीचा हात कच्चा आहे. बोल्ट कसा लाडानं ओढते! झटका पाह्यजे, झटका!"

त्यांचं मनगट म्हणजे लोहाराची सांडशी. त्या मनगटापुढे पुंगळीच काय, दाढही उपटून आली असती. पण हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. अल्कानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दुसऱ्या दिवसापासून झटका द्यायला लागली.

झटक्यानं पुंगळ्या निघत, निदान निम्म्या. पण दर झटक्याला खांदा हले, कोपर सरके, श्वास मोडे, आणि पुढची गोळी दहाच्या वर्तुळाच्या बाहेर. पाचशे सत्तरवाली बाई पाचशे एक्केचाळीसवर आली. वेळ सव्वा तासाचा. त्यातली वीस मिनिटं गज घालण्यात जात. दुसरी रायफल देऊन पाहिली, पण दुसऱ्याच्या मापाचा दस्ता म्हणजे दुसऱ्याचा चष्मा. तिथंही जमेना.

चार जूनला मी माझ्या अक्कलहुशारीनं निर्णय घेतला. चुन्नीलालजींची पुतणी रिंकी एक नंबरच्या रायफलीवर पाचशे पंचावन्न घेत होती. मी अर्जावर तिचं नाव लिहिलं आणि अल्काला सांगितलं. म्हटलं, "आकडे बोलतात, अल्काबाई. यात राग धरू नका."

"नाही जी, राग कायचा," ती म्हणाली. "हातच चालत नाही त तुमी काय करान."

ते ऐकून मला बरं वाटलं, याची आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, भर दुपारी माझ्या दारावर थापा पडल्या. दार उघडलं, तर केवळरामजी. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, घामानं निथळत, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात कलाबाईंची.

"मास्तर, चाबी द्या."

क्लबच्या कपाटाला दोन कुलुपं होती. एक किल्ली त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. "या उन्हात? काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही झालं. तेच पाहाचं आहे."

झालं ते नंतर कलाबाईंनी मला सांगितलं. त्या न्हाणीजवळ जवसाच्या तेलाचा डबा घासत बसल्या होत्या. आमच्याकडे जवसाचं तेल घरोघरी असतं. डब्याच्या काठावर ओघळलेलं तेल सुकून त्याची पिवळी, कडक साल झाली होती. केवळरामजी ओसरीवर चहा पीत होते.

"घासून घासून बोटं गेली माय," कलाबाई करवादल्या. "हे तेल एकडाव सुकलं का राखडीनंबी निंघत नाही."

"कायले सुकते ते?" केवळरामजींनी विचारलं.

"आता कायले म्हंजे? जवसाचं होय ना! पातळ पसरलं का चिकटते, अन उन्हाळ्यात त आनखीच."

केवळरामजींनी कप खाली ठेवला. कलाबाई म्हणतात, माणसाचं तोंड इतकं उतरलेलं त्यांनी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि सापडतील त्या चपला घालून ते निघाले.

क्लबात आम्ही दोघांनी कपाट उघडलं. त्यांनी तीन नंबरचा बोल्ट काढला, रायफल रिकामी असल्याची खात्री केली, दाताच्या डॉक्टरचा असतो तसला छोटा आरसा चेंबरशी धरला आणि मला बॅटरी मारायला सांगितलं. बराच वेळ पाहिलं. मग आरसा माझ्या हातात दिला.

चेंबरच्या भिंती पोलादाच्या रंगाच्या दिसायला हव्या होत्या. तिथं चहाच्या रंगाची चकचकीत साल बसली होती.

केवळरामजी फरशीवर खालीच बसले.

"दस्त्याले जवसाचं तेल लावलं होतं, मास्तर. फौजेतबी लावत होतो, लाकडाले त्याच्यासारखं तेल नाही. पन ते लाकडाचं होय, लोखंडाचं नाही. हात तेलाचे, चिंदी तेलाची. मनात आलं, सुनेची रायफल आहे, आनखी एक हात फिरवू. तीच चिंदी गजाले लावली अन आतून फिरवली. दोन महिने पेटीत, असल्या उन्हात! तेलाचं वार्निस झालं. तापलं का पुंगळीले धरून बसते. नख काय करन बिचारं?"

"पण तुमची ती रीत?" माझ्या तोंडून निघून गेलं. "पहिले साफ, मग माप?"

"तेच त!" ते ओरडले. "साफ केली का म्हनून मी कोनाले विचारतो? दुसऱ्याले! ही त मीच साफ केली होती. मंग कायले पाहू? सरळ मापापासून सुरू झालो."

मला हसू आवरेना आणि त्यांचा चेहरा पाहून हसताही येईना. त्यांनी मात्र लगेच काम सुरू केलं. रंगाच्या दुकानातून मी थिनर आणलं. दस्ता काढून बाजूला ठेवला, नाहीतर थिनरनं त्याचा रंग उतरला असता. बांबूच्या कांबीला चिंदी गुंडाळून, थिनरमध्ये बुडवून त्यांनी चेंबरात ठेवली, साल मऊ पडू दिली, मग पितळेच्या ब्रशनं हलक्या हातानं फिरवत राहिले. पहिली चिंदी चहासारखी बाहेर आली. दहावी फिकी. सोळावी पांढरी. शेवटी कोरडं पुसून थेंबभर बंदुकीचं तेल फिरवलं. आधी झाडलेली एक पुंगळी चेंबरात टाकून रायफलीचं तोंड वर केलं. पुंगळी आपसूक सुळकन घसरून त्यांच्या तळहातावर पडली. नखाची गरजच पडली नाही.

"झालं," मी म्हणालो. आणि मग, खरं सांगतो, मी एक हलकट सल्ला दिला. "केवळरामजी, उद्या म्हणा, बिघाड सापडला, दुरुस्त केला. कुणामुळं झाला ते कशाला सांगायचं? तुमचा मान राहील." मान माझाही राहणार होता, आकडे बोलतात म्हणणारा मीच होतो.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी शाळेतली छडी आठवली.

"मास्तर, तुमी पोराईले गणित शिकवता का चोऱ्या?"

शनिवारी संध्याकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून आले. चुन्नीलालजी होते, रिंकी होती, अल्का कोपऱ्यात उभी होती. ती नुसती पाहायला आली होती. केवळरामजींनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि स्वतः समोर सावधान उभे राहिले.

"हप्ताभर मी सांगून राहिलो होतो, या पोरीचा हात कच्चा आहे. हात कच्चा नोहोता. खोट आर्मररची होती. चेंबरात जवसाचं तेल घातलं, साफ आहे का नाही पाह्यलं नाही, अन दोष तिच्यावर ढकलला. आर्मरर मी." मग अल्काकडे वळून, आवाज एकदम खाली आणून, "चुकलो, पोरी."

आमच्याकडे सासरा सुनेची माफी मागत नाही. वाटीभर जास्त वाढून, नाहीतर नातीला उचलून घेऊन तो काय ते सांगतो. त्यामुळे कुणाला कुठं पाहावं ते कळेना. चुन्नीलालजी बांधाकडे पाहू लागले.

अल्का पुढे आली, जाजमावर पडली आणि तीन नंबर खांद्याला लावली. दहा गोळ्या. दर वेळी मूठ उचलली, दोन बोटांनी बोल्ट मागे ओढला, आणि पुंगळी टणकन बाहेर. तिच्या त्या लाडानं. कागद आणला, शंभरपैकी सत्त्याण्णव.

मग ती उठली आणि भडकली. लग्नानंतर पहिल्यांदा तिचा आवाज मिलच्या भोंग्याच्या वर गेला.

"मामाजी, हप्ताभर मी शिवनाच्या मशीनवर हात धरून पाह्यला, थरथरते का म्हनून! एका बाईचं ब्लाऊज तीनदा उसवलं. मले वाटलं बाळंतपनात माझा हातच गेला. एकडाव तरी म्हनाचं होतं, का पोरी, रायफलबी पाहू!"

"हव," केवळरामजी म्हणाले. डोळे भरले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. "म्हनाचं होतं."

"अन झटका, झटका! खांदा सुजला माझा!"

"हव."

जन्मात कुणाला "हव", म्हणजे "हो", न म्हणालेला माणूस ओळीनं दोनदा म्हणाला. मी पुढे होऊन खिशातला अर्ज काढला, सगळ्यांसमोर फाडला आणि अल्काला म्हटलं, की चूक माझीही आहे. आकडे बोलतात, पण कशाबद्दल बोलतात ते विचारायला मी विसरलो. रिंकीला वाईट वाटेल अशी धास्ती होती. ती म्हणाली, "सर, मी त केव्हाचीच म्हणत होती, ताईची रायफल पाहा. मेरी कोई सुनता है क्या?" खरंच म्हणाली होती. आम्ही तिघा शहाण्यांनी ऐकलं नव्हतं. नवा अर्ज मी तिथंच गोणीवर ठेवून लिहिला आणि मिलच्या फॅक्सवरून लगेच नागपूरला पाठवला.

चौदा जूनला आम्ही नागपूरला गेलो. अश्विन लेकीला घेऊन आला होता, कलाबाईंनी डबा दिला होता, आणि केवळरामजी गाडीत दर स्टेशनाला रायफलीची पिशवी चाचपून पाहत होते. त्यांना स्पर्धकापेक्षा जास्त घाम फुटला होता. अल्कानं साठ गोळ्या बासष्ट मिनिटांत झाडल्या. मी पुंगळ्या मोजत होतो, कागदाकडे पाहायची हिंमत नव्हती. साठच्या साठ बाहेर आल्या. पाचशे चौऱ्याहत्तर, पाचवा नंबर. राज्याच्या शिबिराच्या यादीत तिचं नाव माईकवर वाचलं, तेव्हा केवळरामजींनी माझा दंड असा दाबला की चार दिवस मला फळ्यावर लिहिता आलं नाही.

आम्ही सामान आवरत होतो, तोच एक जाडजूड गृहस्थ धापा टाकत आले. पुढच्या तुकडीत त्यांचा नंबर होता आणि रायफलीची पुंगळी निघत नव्हती. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, गोंदियाचे आर्मरर आलेत म्हणून. हातात नवी स्प्रिंगसुद्धा तयार होती.

"नख गेलं असेल का हो?" त्यांनी घाईनं विचारलं. "का स्प्रिंग? चेंबरचा प्रश्नच नाही. साफसफाई मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही, सगळी स्वतःच्या हातानं करतो."

केवळरामजींनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता फौजेतली चोवीस वर्षं या माणसाच्या अंगावर पडणार. पण ते खाली बसले, खिशातून आरसा काढला आणि फार मायेनं म्हणाले, "हव का? मंग पहिले तिथंच पाहू."

अल्का रायफलीची पिशवी बांधत होती. ती इतक्या मोठ्यानं हसली की आजूबाजूचे वळून पाहायला लागले, आणि सासऱ्यानं मान वर न करता तिच्यापुढे हात केला. तिनं त्या हातावर एक कोरी चिंदी ठेवली.